14 नंबरचा पार्ट कुणी बनवायला सांगितला?

आज ड्रॉइंगमधल्या एका रेषेबद्दल बोलायचंय. पण आधी माझी फजिती ऐका.

नोकरीचं पहिलं वर्ष. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या टूलरूममध्ये मी डिझाइनला होतो. चाकणच्या एका कस्टमरसाठी मिलिंग फिक्श्चर करत होतो. जॉब कसा बसतो ते कळावं म्हणून असेंब्लीत कस्टमरचं कास्टिंगही टाकलं. जाड रेषेत, बलूनसकट. बिल ऑफ मटेरियलमध्ये ते 14 नंबरला जाऊन बसलं, क्वांटिटी 1.

आठ दिवसांनी व्हीएमसीवाल्या काकांचा फोन. "साहेब, 14 नंबर तयार आहे. लई किचकट होता राव!"

काकांनी एमएसच्या ब्लॉकमधून कस्टमरचा अख्खा जॉब कोरून काढला होता! दोन दिवस मशीन त्यावरच. त्यांची चूक? अजिबात नाही. ड्रॉइंगने सांगितलं, त्यांनी केलं. मालक काही बोलले नाहीत, फक्त बिल माझ्या टेबलावर ठेवून गेले. ते जास्त लागलं.

खरं तर हे डिप्लोमाला शिकवलेलं असतं. एसपी 46 मधला रेषांचा तक्ता आठवतोय? त्यात 'के' टाइपची रेषा आहे: बारीक, एक लांब डॅश, दोन छोटे. शेजारच्या पार्टची आउटलाइन त्या रेषेने दाखवायची. तो पार्ट आपल्या मुख्य पार्टला झाकत नाही आणि सेक्शनमध्ये त्याला हॅचिंग करत नाहीत. आपण परीक्षेपुरतं पाठ करतो आणि सोडून देतो.

सॉफ्टवेअरमध्ये नुसती रेषा बदलून भागत नाही बरं का. इन्व्हेंटरमध्ये बीओएम स्ट्रक्चर 'रेफरन्स' करा. पार्ट यादीतून जातो, वजनातूनही जातो. तिथेच 'फँटम' नावाचा पर्याय दिसेल. नावाला फसू नका! त्याने सब-असेंब्लीची ओळ जाते, पण आतले पार्ट यादीत येतातच. सॉलिडवर्क्समध्ये 'एन्व्हलप' करा. नुसतं 'एक्स्क्लूड फ्रॉम बीओएम' केलंत तर यादी सुधारते, वजन मात्र तसंच राहतं. मग फिक्श्चर उचलायचा हॉइस्ट चुकीच्या आकड्यावर ठरतो.

तो एमएसचा जॉब ट्रायलला कामी आला, कारण कास्टिंग उशिरा आली. काका मात्र अजून प्रत्येक ड्रॉइंगला विचारतात, "यात कस्टमरचं काही नाही ना?"