शाळेची वाट, आईच्या खेपा



या व्याख्यानमालेत कालपर्यंत मोठमोठे विषय झाले. आमचा विषय त्या मानाने फार लहान आहे. सहा वर्षांचे मूल घरापासून शाळेपर्यंत जाते कसे, एवढाच. आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवले. मूल वर्गात आल्यावर त्याचे काय करावयाचे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ते वर्गापर्यंत येते कोणत्या वाटेने, हा विचार मात्र निवृत्तीला चार वर्षे उरली असताना प्रथम सुचला, आणि तोही आपखुशीने सुचला नाही.

आमच्या शाळेपासून पऱ्ह्यापलीकडे एक वाडी आहे. तिथली छोटी शाळा पट घसरत घसरत बंद झाली. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय राज्यात झाला होता, तो आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तो वाद आज नको. वाडीतल्या पाच घरांची सात मुले आमच्या हजेरीपटावर आली. कागदावर अंतर नऊशे मीटर. जूनचा दुसरा पंधरवडा मुले आली. जुलै उजाडला आणि त्यांतली पाच लहान मुले दिसेनाशी झाली. मोठी दोघे तेवढी भिजत येत.

आम्ही काय केले? शिक्षक करतात तेच केले. पालकांची सभा बोलावली आणि शिक्षणाच्या महत्त्वावर अर्धा तास बोललो. सावित्रीबाईंचे नाव घेतले, कर्मवीरांचे घेतले. सभेला त्या वाडीतली एकच बाई आली होती, तीही उभ्याउभ्या. आमचे बोलणे संपल्यावर ती म्हणाली, “गुरुजी, तुमचं समदं खरं. पण पोरीला शाळेत पोचवू की लावणीला जाऊ, तेवढं सांगा. दोन्ही दोन पायांनी व्हायचं नाही.”

आम्हांला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही त्या वाडीला चालत गेलो.

नऊशे मीटरची वाट होती, पण ती उन्हाळ्यातली. मध्ये पऱ्ह्या आहे आणि पावसाळ्यात त्याला कमरेइतके पाणी असते. तेव्हा वरच्या अंगाने, पुलावरून फिरून जावे लागते. ते अंतर अडीच किलोमीटर भरले. सहा वर्षांचे पोर, पाठीवर दप्तर, हातात छत्री, पायाखाली चिखल. त्याला पन्नास मिनिटे तरी लागतात. आता आईचा हिशेब करा. मुलाला सोडायला अडीच किलोमीटर, एकटीने परत यायला अडीच. संध्याकाळी पुन्हा आणायला अडीच, आणि घेऊन यायला अडीच. मूल पाच किलोमीटर चालते, तेव्हा आई दहा चालते. वेळ अडीच तासांच्या वर जातो, आणि तोही सलग नव्हे. सकाळचा एक तुकडा आणि दुपारनंतरचा एक. लावणीच्या दिवसांत असा मधूनच उठून जाणारा माणूस कोण कामाला घेतो? म्हणजे रोज बुडाला. पाच घरांतल्या पाच आयांनी हे केले तर त्या वाडीच्या बायका दिवसाला पन्नास किलोमीटर चालणार. हे पन्नास किलोमीटर आमच्या कोणत्याही रकान्यात नव्हते.

सरकारी भाषेत ही मुले ‘अनियमित’ होती. आम्हीच तो शिक्का मारला होता. आज आठवले की संकोच वाटतो.

मुलाचे अंतर मोजावयाचे आणि सोबतीचे मोजावयाचे नाही, ही खोड केवळ आमची नाही. इंग्लंडात १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. तीन मैलांच्या आत शाळा नसेल तर मूल न पाठविण्यास ती सबब मान्य होती. १९४४ च्या कायद्यात आठ वर्षांखालील मुलांपुरते हे अंतर दोन मैलांवर आले. मोजमाप ‘जवळच्या उपलब्ध वाटेने’ करावयाचे. आता उपलब्ध वाट म्हणजे कोणती? एसेक्स परगण्यातल्या एका मुलीची वाट निर्जन, दिवे नसलेल्या रानातून जात होती. प्रकरण उमरावांच्या सभेपर्यंत गेले आणि १९८६ साली निकाल लागला, की मूल कोणाची तरी आवश्यक ती सोबत घेऊन सुरक्षितपणे जाऊ शकत असेल तर ती वाट उपलब्धच समजावी. कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनतोड असेल. आम्ही वकील नाही. पण त्या ‘कोणाची तरी सोबत’ या शब्दांत एका माणसाचा रोजचा अर्धा दिवस किती सहज गिळला गेला आहे, ते पाहा.

आमचा कायदा याहून उदार आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याखालच्या नियमांत पाचवीपर्यंतच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे ठरले. केंद्राच्या नियमांत तर पूर, दरड, रस्ता नसणे अशा धोक्यांचा नावानिशी उल्लेख असून तेथे हे अंतर आणखी कमी करावे, आणि जेथे शाळाच नाही अशा लहान वस्त्यांच्या मुलांसाठी मोफत वाहनाची किंवा निवासाची सोय करावी, असे म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत आठवीपर्यंतच्या मुलासाठी वर्षाला ६००० रुपयांपर्यंत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. कागद चांगला आहे. परंतु आमच्या वाडीचे अंतर नऊशे मीटर लिहिलेले! शंभर मीटरांनी भत्ता हुकला. पऱ्ह्या कागदावर नव्हता.

आणखी एक विचित्र गोष्ट. एसटीचा मोफत पास मुलींना मिळतो तो पाचवीपासून पुढे. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या आणि सायकली आठवी ते बारावीच्या मुलींसाठी. या योजनांनी पुष्कळ मुली शाळेत टिकल्या आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण जिचे पाय सर्वांत आखूड, ती पहिलीतली पोर या सगळ्यातून बाहेर राहते. आमच्याकडे तर एसटी येते तीच शाळेची घंटा झाल्यावर तासाभराने.

मग आम्ही केले काय, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ते कोणालाही करता येण्यासारखे आहे.

वाडीत वारकरी घरे दोन. त्यांतले एक म्हातारेबोवा म्हणाले, “दिंडी काढा की!” दिंडीत पुढे पताका असते, मागे विणेकरी असतो, आणि मधले कोणी चुकत नाही. त्याप्रमाणे ठरले. पुढे सातवीतला मोठा मुलगा, मध्ये लहान मुले दोन-दोनच्या जोडीने, आणि मागे एक मोठे माणूस. माणूस रोज वेगळ्या घरचे. पाच घरे, आठवड्याचे सहा दिवस. सहावा दिवस बोवांनी आपण होऊन घेतला. म्हणजे ज्या आईला आठवड्यात सहा दिवस दहा-दहा किलोमीटर चालावे लागले असते, तिला एकच दिवस चालावे लागे. उरलेले पाच रोज तिचे राहिले.

हे ऐकायला गोड वाटते. पहिल्या महिन्यात ते दोनदा मोडले. एका घरचा आणि दुसऱ्या घरचा बांधावरून वाद. “त्यांच्या हातात आमचे पोर देणार नाही,” इथपर्यंत मजल गेली. पाळीची यादी पाहिली तर पुरुषांची नावे लिहिलेली आणि चालताना मात्र बायकाच. ते आम्ही सभेत बोलून दाखविले तेव्हा दोघेजण रागावले, एकजण खरोखर येऊ लागला. एकदा उशिरा आलेले एक पोर मागे राहून रडत बसले. तेव्हापासून नियम झाला, की निघताना आणि पोहोचल्यावर डोकी मोजावयाची आणि पोहोचल्याचा फोन वाडीत करावयाचा. जोराच्या पावसात पुलाच्या कठड्याच्या खुणेपर्यंत पाणी आले तर दिंडी परत फिरेल. त्या दिवशी गैरहजेरीची बोलणी नाहीत. हे शेवटचे कलम आम्ही मुख्याध्यापकांकडून लिहून घेतले.

ही काही आमची नवी युक्ती नव्हे. जपानात मुले अशीच वस्तीवार जमून शाळेत चालत जातात, सहावीतला मुलगा किंवा मुलगी पुढारी असते. टोकियोत १९५९ पासून चौकाचौकात मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बायका नेमल्या गेल्या. लोक त्यांना ‘हिरव्या मावश्या’ म्हणत. तिथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की त्या बायकांना त्या कामाचे वेतन होते.

आता आमच्यावर आक्षेप येतो, आणि तो बरोबर आहे. तुम्ही वर्गणी काढावी तशी माणसांची पाळी लावलीत, तर सरकार म्हणेल, सोय झालीच आहे, आता भत्ता कशाला? असे एका बैठकीत आम्हांला प्रत्यक्ष ऐकविले गेले. म्हणून दिंडी आणि अर्ज ही दोन्ही कामे आम्ही एकाच दिवशी सुरू केली. अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह केला. त्यात अंतर पावसाळ्यातल्या वाटेने लिहिले, पऱ्ह्याचे जुलैतले छायाचित्र जोडले, आणि पालकांच्या खेपांचा हिशेबही जोडला. पहिल्या वर्षी अर्ज परत आला. दुसऱ्या वर्षी मंजूर झाला. पैसे आले, पण भर पावसात त्या मातीच्या रस्त्यावर रिक्षा यायला तयार होईना. शेवटी एकजण मोठ्या मुश्किलीने पुलापर्यंत येतो असे म्हणाला. तेव्हा आजही घर ते पूल दिंडी जाते आणि तिथून पुढे रिक्षा.

ती बाई, जिने आम्हांला सभेत निरुत्तर केले, तिची मुलगी यंदा सातवीत गेली. जूनपासून दिंडीच्या पुढे तीच चालणार आहे. शाळा उघडायला आता दीड महिना उरला. पुलाच्या अलीकडच्या चढावर गेल्या पावसात वाट खचली, तिथे दगड रचायचे आहेत. आम्ही सातजण रविवारी सकाळी सात वाजता एसटी स्थानकासमोरून निघणार आहोत. घमेली आमच्याकडे आहेत. फावडी मात्र दोनच आहेत.