रात्रीची उपग्रहचित्रे आणि आपल्या गावाची वीज
(रोहे येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. आंबा, नारळ, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांबही. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. "आमचा अंधार उपग्रहाला दिसला असेल ना?" असे शेतकरी मला विचारतात. त्याविषयी आज थोडे सांगतो.

अमेरिकेने २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी आणि त्यानंतरच्या काही उपग्रहांवर रात्रीचा मंद प्रकाश टिपणारे उपकरण आहे. हे उपग्रह रात्री दीडच्या सुमारास आपल्यावरून जातात. त्यांची चित्रे नासाच्या 'वर्ल्डव्ह्यू' या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. नकाशावर रायगड शोधून रात्रीचे चित्र व तारीख निवडावी. वीज गेल्याची रात्र आधीच्या निरभ्र रात्रीशी ताडून पाहावी. मात्र पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१) ढग दिवे झाकतात. पावसाळ्यात काळा दिसणारा भाग म्हणजे वीज गेलेला भागच, असे समजू नये.

२) चांदण्यात ढग उजळतात. निसर्गनंतर दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती. म्हणून तुलना शक्यतो जवळच्या तिथीच्या रात्रीशी करावी.

३) चित्रातील एक ठिपका सुमारे पाऊण किलोमीटर लांब-रुंद असतो. पेण तालुक्यातील डोलवीचा पोलाद कारखाना, रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत ठळक दिसतात. शेजारच्या वाडीचे दहा-बारा दिवे त्या उजेडात बुडून जातात.

४) दिवसा गेलेली वीज रात्रीच्या चित्रात दिसत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज सकाळी गेली आणि बहुतेक भागांत त्याच दिवशी परत आली. दुपारी बंद पडलेल्या आपल्या कृषिपंपाचेही तसेच.

२०१७ साली मारिया वादळानंतर प्वेर्तो रिको बेटावर अशाच चित्रांवरून दिसले, की दूरच्या ग्रामीण भागात वीज सर्वांत उशिरा पोचली. तालुक्याचे असे चित्र उपयोगी आहे. पण आपल्या शेताची नोंद आपणच ठेवली पाहिजे. एका वहीत तारीख, वीज गेल्याची व आल्याची वेळ, फीडरचे नाव आणि भाजीपाल्याची चुकलेली पाण्याची पाळी लिहावी. तक्रार लेखी द्यावी व तिची पोच जपून ठेवावी. नुकसानीचा पंचनामा होताना ही वही पुढे करता येईल. या हंगामापासूनच ही सवय लावून घ्यावी, एवढीच विनंती.