हॉलमधला मालगाडीचा फोटो
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या हॉलच्या दारावरचा मालगाडीचा फोटो आठवतो ना? खाली लिहिलंय, 'बार्शी लाइटची पहिली मालगाडी, 1897'. तो आमच्या घरचा. आजोबांनी शाळेला दिलेला. इंजिनाशेजारचा फेटेवाला, मिशीवाला माणूस म्हणजे माझे पणजोबा, असं ते सांगायचे. त्यावरून मी वर्गात किती भाव खाल्ला, ते माझ्या बाकावरच्या मैत्रिणींना विचारा.

स्मरणिकेसाठी फोटो स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. दिवसभर कोडमधल्या चुका शोधायची सवय, म्हणून स्क्रीनवर मोठा करून बघत बसले.

आधी रूळ. माणूस रुळांलगतच उभा आहे, त्यामुळे मोजता येतं. दोन रुळांतलं अंतर त्याच्या मांडीच्या उंचीइतकं. म्हणजे अडीच फुटी छोटी लाइन. मोठ्या लाइनचं अंतर साडेपाच फूट असतं, ते त्याच्या डोक्यापर्यंत गेलं असतं. पुढं वाघिणी. टोकाला दोन बाजूंना दोन बफर नाहीत, मधोमध एकच. आणि प्रत्येक वाघिणीखाली दोन्ही टोकांना चार-चार चाकांच्या बोगी. हे खास बार्शी लाइटचं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप साहेबांनी ठरवलं होतं की एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलके रूळ चालतील. म्हणून भार जास्त चाकांवर वाटला आणि वाघिणी 25 फूट लांबीच्या केल्या. इथवर मी खूश होते. गाडी आपलीच!

मग इंजिन बघितलं. मागं कोळशाचा वेगळा टेंडर. पुढं दोन लहान चाकं, मधे आठ, मागं दोन. बार्शी लाइटची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. त्यांना टेंडर नव्हता, पाणी-कोळसा इंजिनावरच, आणि आठ मोठ्या चाकांच्या पुढं लहान चाकं नव्हतीच. फोटोतल्यासारखी इंजिनं इथं आली 1926 च्या सुमारास. तीन वेळा मोजलं. चाकं तेवढीच.

पणजोबा 1918 च्या तापाच्या साथीत गेले.

आजोबा 1926 ला चौदा वर्षांचे, त्यामुळे तो मिशीवाला तेही नव्हेत. आजोबा खोटं बोलले असं मला वाटत नाही. पणजोबा कुर्डुवाडीच्या यार्डात हमाल होते, छोट्या लाइनच्या वाघिणीतली पोती पाठीवरून मोठ्या लाइनच्या वाघिणीत टाकायचे. तेव्हा त्या स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. हमालाचा फोटो कोण काढणार? आजोबांना बापाचा चेहरा हवा होता, तो त्यांना या फोटोत सापडला असावा.

बाबांना हे फोनवर सांगायचा धीर झाला नाही. परवा घरी येऊन सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग चष्मा लावून फोटो जवळ घेतला आणि म्हणाले, "मग हा कुणाचा आजा?"

तुमच्यातल्या निम्म्यांची घरं रेल्वेवर चालली. चहाच्या टेबलाजवळ मोठी प्रत लावली आहे, '1897' खोडून. डाव्या कानाजवळ वण आहे, फेटा उजवीकडं झुकलेला. घरच्या जुन्या फोटोंशी ताडून बघा, आणि कुणी ओळखला तर आधी माझ्या बाबांना सांगा. ते तिसऱ्या रांगेत बसलेत.