ओढ्याला त्याची वाट द्या



२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र दक्षिण पुण्यातील नागरिक विसरलेले नाहीत. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबिल ओढा त्या रात्री काही तासांत रौद्ररूप धारण करून वस्त्यांमधून धावला. अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल परिसरात घरे पाण्याखाली गेली, भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली. पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ओढा घरांत शिरला, असे आपण म्हणतो. वास्तविक त्याआधी कितीतरी वर्षे घरे, रस्ते आणि राडारोडा ओढ्यात शिरत होते.

या ओढ्याशी पुण्याचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी भूमिगत नळातून शहरात आणले. त्या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास उभारलेले होते. पर्वतीच्या पायथ्याशी ओढ्याचा प्रवाह वळवला गेला आणि तेथे तळेही झाले. आज ज्याला आपण सारसबागेचा गणपती म्हणतो, तो तळ्यातला गणपती. त्या काळच्या जाणत्यांनी पाणी वळवले; पण वळवताना त्याला थांबायला जागा दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या तळ्याची बाग झाली. पाण्याला जागा देण्याची ती दृष्टीही हळूहळू लोप पावली.

आता आपल्या वस्तीतील एखाद्या उद्यानातून वाहणाऱ्या ओढ्याकडे पाहावे. काठ खचलेले, झाडांची मुळे उघडी पडलेली, पात्र दरवर्षी खोल जाणारे. ही झीज नेमकी कशाने होते? पूर्वी पाऊस मातीत मुरत असे आणि झऱ्यांच्या रूपाने सावकाश ओढ्यात येई. आज छपरे, डांबर, सिमेंटचे रस्ते आणि पेव्हिंग ब्लॉक यांवरून तोच पाऊस काही मिनिटांत गटारांतून ओढ्यात कोसळतो. वेगाने आलेले हे पाणी आधी तळ खरवडते. तळ खोल गेला की काठ उभे होतात, त्यांचा पाया सुटतो आणि ते ढासळतात. खोल गेलेले पात्र आसपासच्या जमिनीतील पाणीही ओढून घेते. म्हणजे पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरडी विहीर, ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे काँक्रीटची भिंत. जेथे घराचा वा पुलाचा पायाच धोक्यात आहे, तेथे ती टाळता येत नाही. परंतु संपूर्ण ओढा दोन भिंतींत कोंडला तर पाण्याचा वेग वाढतो आणि संकट खालच्या वस्तीकडे ढकलले जाते. आपल्या अंगणातील केर शेजाऱ्याच्या दारात लोटण्यासारखेच हे आहे.

निराळा मार्ग शक्य आहे, हे सिंगापूरने दाखवून दिले. तेथील बिशान-आंग मो किओ उद्यानाच्या कडेने कलांग नदी सरळसोट काँक्रीटच्या कालव्यातून वाहत होती. २०१२ पर्यंत त्या २.७ किलोमीटरच्या कालव्याच्या जागी ३.२ किलोमीटरची वळणे घेत जाणारी नदी उद्यानात आणली गेली. त्याआधी उद्यानातच काठ सावरण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची चाचणी घेण्यात आली. जिवंत फांद्यांच्या मोळ्या, दगड, झाडांची मुळे आणि माती धरून ठेवणारी जाळी यांनी काठ बांधले गेले. फोडलेल्या काँक्रीटचाही तेथेच उपयोग झाला. एरवी लोक हिरवळीवर बसतात. पाऊस वाढला की धोक्याचा इशारा दिला जातो आणि ती जागा नदीची होते. महत्त्वाची गोष्ट ही की, काँक्रीट काढल्याने नदीची पूर वाहून नेण्याची क्षमता वाढली, कारण तिला रुंदी मिळाली.

सिंगापूरइतका पैसा आपल्या प्रभागापाशी नसेल, पण त्यामागील तत्त्व स्वस्त आहे. कामाची सुरुवात काठावर न करता वरच्या उतारावर करावी. गच्चीचे पाणी शोषखड्ड्यात, मैदानाचे पाणी उथळ चरात आणि मगच ओढ्यात, हा क्रम असावा. नंतर पात्रात जागोजागी दगडांच्या बुटक्या पायऱ्या घालून तळाची झीज रोखावी. काठांचा उभा उतार मोडून तो तिरका करावा, त्यावर काथ्याची जाळी अंथरावी आणि शेवटी लागवड करावी. पाण्यालगत लव्हाळा व वाळा, त्यावर निर्गुडी आणि वाळुंज, आणि काठाच्या माथ्यावर करंज, उंबर, जांभूळ. पुरात मोठाले वृक्ष उन्मळतात आणि वाकणारे लव्हाळे टिकते, हा तुकोबारायांचा दृष्टांत मराठी माणसाला परिचित आहे. त्यात नम्रतेचा उपदेश आहे, तसे जलशास्त्रही आहे. वाकलेले लव्हाळे काठालगतच्या पाण्याचा वेग मोडते आणि माती वाचवते.

हे काम एका रविवारच्या श्रमदानाने होणारे नव्हे. छायाचित्रापुरती लावलेली रोपे पहिल्या पुरात वाहून जातात. पात्रातील बांधकामाला महापालिकेची अनुमती आणि जाणकार अभियंत्याचे मार्गदर्शन हवे. लागवडीची निगराणी मात्र दोन-तीन पावसाळे वस्तीनेच करायला हवी. मैलापाणी बंद झाल्याविना ओढा जिवंत होणार नाही, यासाठी प्रशासनाकडे सातत्याने पाठपुरावा हवा. ओढ्याला जागा करून देताना केवळ झोपडीकडे बोट दाखवून भागणार नाही. पात्रात भराव घालून वाहनतळ करणारी प्रतिष्ठित सोसायटीही त्याच न्यायाने तोलली पाहिजे, आणि हटवल्या जाणाऱ्या गरीब कुटुंबाला आधी सुरक्षित घर मिळाले पाहिजे.

आपल्या स्वतःच्या आचरणाकडेही पाहावे लागेल. जल ही पंचमहाभूतांपैकी एक देवता, असे आपण श्रद्धेने म्हणतो आणि निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी पुलावरून ओढ्यात टाकतो. पुढे तीच पिशवी मोरीच्या तोंडाशी अडकते आणि पाणी वस्तीत चढते. जलपूजनाचा खरा आरंभ ती पिशवी घरी परत नेण्यापासून होतो.

एका उद्यानातील दोनशे पावले ओढा सुधारल्याने शहराचा महापूर टळणार नाही. पण प्रत्येक वस्तीने आपापला तुकडा सांभाळला, तर खालच्या वस्तीवर येणारे पाणी सावकाश येईल. येत्या पावसाळ्यापूर्वी एखाद्या सकाळी वस्तीतील ज्येष्ठांनी आणि मुलांनी मिळून आपला ओढा उगमाच्या दिशेने चालून पाहावा. कोठे मोरी तुंबली आहे, कोठे भराव पडला आहे, कोठे काठ खचला आहे, याची नोंद एका वहीत करावी आणि ती महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्यावी. वरची वस्ती आणि खालची वस्ती यांना एकाच प्रवाहाने जोडले आहे. समाज एकरस आहे, हे सांगण्याची याहून चांगली जागा कोणती?