गिल्डफर्डचे चार भागीदार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



तरुणांस उपयुक्त असा उद्योगधंद्यावरील विषय घ्यावा, अशी चिटणीसांची सूचना होती. मी व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका लहान संस्थेची हकीकत निवडली, हे ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. परंतु आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे ही विद्या शिकू इच्छिणाऱ्या मुलांचे अर्ज येऊ लागले आहेत. त्यांवर निर्णय करणाऱ्यांस या धंद्याचे स्वरूप थोडेबहुत ठाऊक असावे, एवढाच माझा हेतू आहे.

इंग्लंडात लंडनच्या नैऋत्येस गिल्डफर्ड नावाचे गाव आहे. तेथे २००८ साली शॉन मरे, ग्रँट डंकन, रायन डॉइल व डेव्हिड रीम या चौघांनी ‘हॅलो गेम्स’ ही संस्था काढली. मरे पूर्वी ‘क्रायटेरियन’ या नावाजलेल्या संस्थेत होते. चौघांनी मोटारसायकलवरील कसरतपटूचा ‘जो डेंजर’ हा खेळ करावयास घेतला. पैसा अपुरा पडू लागला तेव्हा मरे यांनी आपले घर विकले. हे धाडस मी अनुकरणीय म्हणून सांगत नाही. घर विकून बुडालेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. यांचा खेळ मात्र जून २०१० मध्ये बाजारात आला आणि चालला.

यानंतरचा त्यांचा संकल्प अचाट होता. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी ‘नो मॅन्स स्काय’ या खेळाची घोषणा केली. खेळणाराने यानात बसून वाटेल त्या ग्रहावर उतरावे, अशी त्याची कल्पना. ग्रह किती? बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट धान्य मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपणांस ठाऊक आहेच. त्या चौसष्ट घरांतील सर्व दाण्यांची जी बेरीज, तीत एक मिळवावा म्हणजे या ग्रहांची संख्या होते: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

मूठभर माणसांनी एवढे ग्रह काढले कसे? उत्तर असे की, ते काढलेलेच नाहीत. प्रत्येक ग्रहास एक अंक आहे. खेळणारा जवळ आला की त्या अंकावरून ठरलेल्या सूत्रांनी डोंगर, समुद्र, वनस्पती आणि प्राणी यांचे गणित यंत्र तेथल्या तेथे मांडते; तो दूर गेला की पुसून टाकते. परत आल्यास तोच डोंगर तेथेच दिसतो. आपण पाढा कोठे लिहून ठेवतो काय? विचारला की म्हणतो, आणि सतरा पाचे प्रत्येक वेळी पंच्याऐंशीच येतात.

घोषणेनंतर अडीच-तीन आठवड्यांतच, नाताळच्या आदल्या दिवशी, पुराचे पाणी कचेरीत शिरले आणि यंत्रसामग्री नासली. तरी काम थांबले नाही. खरे संकट निराळेच होते. सोनीसारख्या बलाढ्य कंपनीने खेळास आपले व्यासपीठ दिले, जगभर कुतूहल वाढले, आणि मुलाखतीमागून मुलाखती देताना मरे पुष्कळ काही बोलून गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये खेळ साठ डॉलर किमतीस विक्रीस आला. पहिल्याच दिवसांत दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर एकाच जागी पोचले, तर त्यांस एकमेकांचे दर्शनच होईना! सांगितलेल्या आणखीही कित्येक गोष्टी त्यात नव्हत्या. गिऱ्हाइके खवळली. ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे तक्रारी गेल्या. जाहिराती दिशाभूल करणाऱ्या नव्हत्या, असा निकाल तिने नोव्हेंबरमध्ये दिला. तथापि माझ्या मते गिऱ्हाइकांचा राग अनाठायी नव्हता. दुकानदाराने तोंडी सांगितलेला मालाचा गुण गिऱ्हाईक बिलाइतकाच खरा मानते.

या गदारोळात संस्थेने मौन धरले. तिने निदान चार शब्द दिलगिरीचे बोलावयास हवे होते, असे मला आजही वाटते. पण सुमारे पंधरा माणसांची ती मंडळी पळून गेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिली मोठी सुधारणा आली, मग २०१७ मध्ये आणखी दोन. जुलै २०१८ मध्ये खेळाडू एकमेकांस खऱ्या अर्थाने दिसू लागले. हे सर्व जुन्या गिऱ्हाइकांस फुकट! यात धर्मादाय काही नव्हता. प्रत्येक सुधारणेबरोबर खेळाची चर्चा होई आणि नवे गिऱ्हाईक येई. त्या विक्रीवर संस्था चाले. मात्र खेळाच्या आत किरकोळ वस्तू विकून मुलांच्या पालकांचा खिसा हलका करण्याची जी रीत या धंद्यात रुजली आहे, ती यांनी पत्करली नाही, याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.

२०२० साली ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये सतत सुधारत राहणाऱ्या खेळाचे पारितोषिक त्यांस मिळाले आणि २०२२ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेनेही गौरव केला. ज्या ‘स्टीम’ या विक्रीस्थळावर २०१६ मध्ये शिव्यांचा वर्षाव झाला, तेथेच २०२४ मध्ये एकंदर अभिप्राय ‘अत्यंत अनुकूल’ या पायरीवर पोचला. मधे आठ वर्षे गेली होती.

डिसेंबर २०२३ मध्ये मरे पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले. ‘लाइट नो फायर’ या नव्या खेळाची त्यांनी घोषणा केली. या वेळी असंख्य ग्रह नाहीत. एकच, पण साक्षात पृथ्वीएवढा. तो केव्हा मिळेल, याची तारीख त्यांनी त्या दिवशी सांगितली नाही.