महोगनीची भावंडं आणि इलेक्ट्रिक गिटार
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



स्वतःसाठी इलेक्ट्रिक गिटार घडवून घ्यायला येणारा तरुण बहुधा एक गोष्ट ठरवूनच आलेला असतो : लाकूड महोगनीच हवं, आणि तीही होंडुरासची. या हट्टामागे प्रेम आहे, आवडत्या वादकाचा आवाज आहे. म्हणून मी त्याला उडवून लावत नाही. पण माझं मत आधीच सांगतो. गिटारच्या बॉडीचं लाकूड वजन बघून निवडावं, नेकचं लाकूड स्थैर्य बघून निवडावं, आणि फळी कुठल्या देशाची हा प्रश्न त्यानंतर विचारावा.

खरी महोगनी म्हणजे स्विटेनिया. तिच्या तीन जाती आहेत, पण वाद्यांशी संबंध येतो तो मुख्यतः दोघींचा. एक कॅरिबियन बेटांवरची, क्युबन म्हणून ओळखली जाणारी. अठराव्या शतकातलं उंची इंग्लिश फर्निचर तिच्यातून झालं आणि त्यापायी बेटांवरची मोठी झाडं संपत आली. दुसरी मोठ्या पानांची, मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंत वाढणारी. हीच बाजारातली होंडुरास महोगनी. तिचं कूळ आपल्या कडुनिंबाचं. आफ्रिकेतली खाया, तिथलीच सापेली आणि सिपो, आणि आपल्याकडचा तून ही सगळी याच निंबकुळातली. ही झाली सख्खी-चुलत भावंडं. बाजारात मात्र लालसर रंगाचं बरंच काही महोगनीच्या रांगेत बसवलं जातं. फिलिपाइन्सची लाउआन सालवृक्षाच्या कुळातली. आशियात बनणाऱ्या स्वस्त गिटारींत दिसणारं नाटो चिकू आणि मोहाच्या कुळातलं. गॅबनचं ओकुमे आपल्या सालईच्या कुळातलं. आणि ‘कोरिना’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या लिंबा लाकडातून गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर या गिटारी काढल्या, ते तर अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा यांच्या टर्मिनालिया प्रजातीतलं. यांतलं एकही लाकूड टाकाऊ नाही. कोरिनाच्या त्या जुन्या गिटारी आज अतिशय महाग विकल्या जातात.

मग महोगनीचा एवढा मान आला कुठून? मिशिगनमधल्या कलामझू इथे गिब्सनचा कारखाना होता. तिथे मेंडोलिन आणि अकूस्टिक गिटारींच्या नेकसाठी महोगनी आधीपासून येत होती, कारागिरांचा हात तिच्यावर बसलेला होता. १९५२ मध्ये लेस पॉल गिटार आली तेव्हा घरात असलेलंच लाकूड बॉडीला लागलं आणि वर मेपलचा थर बसला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात लिओ फेंडर अ‍ॅश वापरत होते, पुढे १९५६ च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं अल्डर वापरू लागले. ज्याला जे लाकूड जवळ, सरळ आणि परवडणारं मिळालं, ते त्याने घेतलं. मग त्या गिटारींवर थोर माणसं वाजवून गेली आणि पुढच्या पिढ्यांनी आवाजाचं श्रेय फळीला दिलं.

इथे थोडं भौतिकशास्त्र सांगावं लागेल. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकक्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत विद्युतदाब तयार होतो. पिकअप तार ऐकतो, लाकूड ऐकत नाही. लाकडाचं काम वेगळ्या मार्गाने होतं : तारेची दोन टोकं, एक ब्रिजवर आणि एक फ्रेटवर, किंचित हलतात आणि तारेतली ऊर्जा शोषून घेतात. म्हणजे लाकडाचा हात आहे, पण तो मुख्यतः सूर किती वेळ टिकतो यात. ‘महोगनीचा उबदार आवाज’ ज्याला म्हणतात त्यातला मोठा भाग सेथ लव्हर यांनी रचलेल्या हमबकर पिकअपचा आहे. तो १९५७ पासून लेस पॉलवर बसू लागला. त्याआधीच्या लेस पॉलमध्ये एकेरी वेढ्यांचा पी-९० होता. झाड तेच, गिटारचा आकार तोच, आणि आवाज वेगळा. शिवाय गिब्सनची तार पावणेपंचवीस इंची, फेंडरची साडेपंचवीस. हा फरकही कानाला कळतो.

आता फळ्या तोलून पाहू. लेस पॉलच्या जातीच्या बॉडीला ढोबळ मानाने ५ लिटर लाकूड लागतं असं धरू. होंडुरास महोगनीची घनता सरासरी ५९० किलो प्रति घनमीटर, म्हणजे बॉडी २.९५ किलोची. खाया ६४० च्या आसपास, म्हणजे ३.२ किलो. सापेली ६७०, म्हणजे ३.३५. ओकुमे ४३०, म्हणजे २.१५ किलो. एवढा फरक खांद्यावर लगेच जाणवतो. उभ्याने दोन-अडीच तास वाजवणाऱ्या माणसाला तो पाठीच्या दुखण्यापर्यंत नेऊ शकतो. आणि हे सरासरी आकडे आहेत. खायाच्या एकाच ढिगात एक फळी पिसासारखी हलकी आणि शेजारची हट्टी जड निघते. म्हणून मी म्हणतो, वखारीत जाताना काटा बरोबर न्यावा.

रंध्याखाली होंडुरास, खाया आणि सापेली या तिघींचे स्वभाव स्पष्ट दिसतात. होंडुरास महोगनीची रेषा बरीचशी सरळ, रंधा सुखाने चालतो. खाया आणि सापेलीत रेषा आलटून-पालटून उलट दिशांना वळतात. त्यामुळे उभ्या चिरलेल्या सापेलीवर रेशमी पट्टे दिसतात आणि पॉलिश लागल्यावर ते हलत्या प्रकाशात चमकतात. त्या सौंदर्याची किंमत कारागीर देतो, कारण रंधा कुठूनही चालवला तरी एका पट्ट्यात तो उलटा जातो आणि लाकूड उचकटतो. तिथे पातं धारदार हवं, काप बारीक हवा, शेवटी स्क्रेपर हवा. घाई करणाऱ्याने सापेली घेऊ नये.

खरी परीक्षा नेकची. हलक्या संचाच्या सहा तारा मिळून नेकवर ४० ते ४५ किलोंचा ताण देतात, तोही रात्रंदिवस. आतला ट्रस रॉड हा ताण तोलतो, पण लाकूड हवेप्रमाणे फुगत-आक्रसत राहिलं तर वादकाला दर ऋतूत तो फिरवत बसावं लागतं. इथे होंडुरास महोगनीचा मान खरा आहे. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत ती वर्तुळांच्या आडव्या दिशेने सुमारे ३ टक्के आणि वर्तुळांच्या बाजूने सुमारे ४ टक्केच आक्रसते. सापेली जवळजवळ ५ आणि ७ टक्के. उलट सापेली सुमारे पाचव्या हिश्शाने अधिक ताठ. म्हणून सापेलीचा नेक करायचा तर तीन पट्ट्या उभ्या चिरून, मधली उलटी फिरवून चिकटवाव्यात. पट्ट्यांचा कल एकमेकांना अडवतो आणि नेक सरळ राहतो.

नेकच्या बाबतीत झाडाच्या जातीपेक्षा कापण्याची रीत जास्त महत्त्वाची ठरते. गिब्सनचा हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा माथा, १७ अंशांनी मागे झुकलेला. एकाच फळीतून असा नेक कापला की वळणावर रेषा तिरक्या तुटतात, आणि नेमक्या तिथेच ट्रस रॉडसाठी खाच कोरलेली असते. गिटार उताणी पडली की हेडस्टॉक तुटतो तो तिथेच. उत्तम महोगनीही त्या जागी वाचत नाही. गिब्सनने साठच्या दशकात कोन कमी करून पाहिला आणि दशकाच्या अखेरीस तीन तुकड्यांचे नेक केले. आपल्या सुताराला ठाऊक असलेला तिरका सांधा घालून हेडस्टॉक वेगळा जोडला तर रेषा अखंड राहतात. ‘एका अखंड फळीचा नेक’ ही जाहिरात वाचून मोहात पडू नका.

जुन्या, मुरलेल्या लाकडाचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे. क्वीन या बँडचे ब्रायन मे यांनी १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार घडवली. तिचा नेक त्यांनी शंभरेक वर्षं जुन्या, टाकून दिलेल्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरला. लाकडाला पडलेली किड्यांची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीत ओक आणि ब्लॉकबोर्ड. ज्या आवाजावर लक्षावधी लोकांनी प्रेम केलं, तो काढणाऱ्या गिटारच्या बॉडीत महोगनी फक्त वरच्या पातळ पापुद्र्यापुरती आहे.

आता पुरवठ्याकडे येतो, कारण त्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. मोठ्या पानांच्या महोगनीचं अमेरिका खंडातलं जंगल इतकं तोडलं गेलं की २००२ मध्ये वन्यजातींच्या व्यापारावरच्या साईट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ती घालावी लागली, आणि नोव्हेंबर २००३ पासून परवान्याशिवाय तिचा व्यापार थांबला. मग कारखाने खायाकडे वळले, आणि २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत आफ्रिकेतल्या खायालाही त्याच परिशिष्टात घालायचं ठरलं. ब्रिटिशांनी फिजीत लावलेल्या महोगनीच्या मळ्यांवर हे बंधन नाही, म्हणून आज अनेक गिटारींत फिजीची महोगनी असते. ते मळेही राजकारणापासून दूर राहिले नाहीत. मे २००० मध्ये महेंद्र चौधरींच्या सरकारला संसदेत ओलीस धरणारा जॉर्ज स्पाइट हा तिथल्या सरकारी हार्डवुड महामंडळाचा अध्यक्ष राहिलेला होता.

भारतात महोगनी ब्रिटिशांच्या काळात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानामार्गे आली. मुंबईच्या रस्त्यांवर तिची झाडं आहेत. तळाकडून पाच पाकळ्यांनी उलगडणारं तिचं कठीण फळ आणि पंखांच्या बिया तुम्ही पाहिल्या असतील. अलीकडे महाराष्ट्रात शेतकऱ्यांना दहा-बारा वर्षांत तोडीला येईल असं सांगून तिची रोपं विकली जातात. वाद्याच्या दृष्टीने मला इथे सावध करावंसं वाटतं. कोवळ्या, भराभर वाढलेल्या झाडात गाभ्याचं लाल लाकूड थोडं आणि बाहेरचं फिकट जास्त. बॉडीसाठी ते चालवून घेता येईल, नेकसाठी नाही. आणि जास्त दराच्या आशेने कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला हे आधीच सांगितलं पाहिजे.

मला स्वतःला सर्वांत आशा वाटते ती तुनाची. सतारीच्या दांड्यांमुळे मिरजेच्या सतारमेकरांना हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचं आहे. सुगंधी, लाल, हलकं. घनता ४८५ च्या आसपास, म्हणजे आपल्या ५ लिटरच्या बॉडीचं वजन अडीच किलोंच्याही आत. ते मऊ आहे, दाबाने खळगे पडतात, म्हणून ब्रिजच्या खिळ्यांखाली कठीण लाकडाची गुटकी बसवावी लागते. नेकसाठी ते एकटं पुरणार नाही. तुनाची बॉडी, तीन पट्ट्यांचा सापेलीचा नेक, त्यावर शिसवीचा फ्रेटबोर्ड : अशी गिटार मी कोणालाही निर्धास्तपणे सुचवीन. मात्र फळ्या आणल्यावर त्यांना कार्यशाळेत किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पडून राहू द्या. दोन्हींनंतर पट्टी लावून पाहा, आणि जी फळी तोवर वाकली नसेल तीच नेकसाठी बाजूला ठेवा.