बोटांना ठाऊक असलेली मराठी



कचेरीत संगणक आला तेव्हा त्याच्यापासून चार हात लांब राहणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जुन्या वळणाची, आळशी, असं म्हणून आपण मोकळे झालो. आज मला त्यांची बाजू मांडायची आहे.

माझ्या डोळ्यांपुढे एका कार्यालयातल्या टंकलेखिका आहेत. मराठीत मिनिटाला ४० शब्द, तेही कळांकडे न बघता. टंकलेखन यंत्रावर अक्षर दिसतं तसं उठवायचं. ‘हिशेब’ लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग ह. ‘सूर्य’ लिहिताना आधी य, मग त्यावर रफार. संगणकासाठी भारतीय मानक ब्युरोनं १९९१ साली प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट कळफलक मात्र उच्चाराच्या क्रमानं चालतो. आधी ह, मग वेलांटी. आधी र, मग हलन्त, मग य. हा क्रम अधिक शास्त्रशुद्ध आहे, यात वाद नाही. पण वीस वर्षं मुरलेल्या बोटांना तो उलटाच! बाईंचा वेग दहावर आला, आणि टपाल तर रोजच्या रोज जायलाच हवं होतं.

त्यात फॉन्टची अडचण. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरसंकेत पद्धत रुळण्याआधी इथं टाइप केलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं, की तोच फॉन्ट नसल्यास नुसती चिन्हांची गर्दी दिसे. बाई प्रत्येक पत्राची छापील प्रत फायलीला लावत. त्याला मी शहाणपण म्हणेन.

अमेरिकेतले संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली दाखवलं, की नवं तंत्रज्ञान स्वीकारताना माणूस मनाशी दोन गोष्टी तोलतो : यानं माझं काम सुधारेल का, आणि हे मला सोपं जाईल का. त्यांच्या अभ्यासात पारडं पहिल्या प्रश्नाचं जड निघालं.

बाईंच्या बाबतीत ते पारडं सेवाज्येष्ठता यादीनं झुकवलं. दोनशे नावं. मधेच एक नाव राहून गेलं, तर पूर्वी पुढची सगळी पानं पुन्हा उठवावी लागत. संगणकावर त्यांनी एक ओळ घातली, आणि खालची नावं आपोआप सरकली. दुसऱ्या दिवशी जुन्या यंत्राचीच कळरचना संगणकावर बसवून देण्याची मागणी त्यांनी स्वतः लेखी केली. ती मिळाली, आणि महिन्याभरात वेग पुन्हा चाळीसवर आला.